पोरगी हॅम्बुर्गला, जीव सोलापुरात : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ताऱ्यांचं शास्त्र घडवणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं. 1930 साली एकोणीस वर्षांचा मुलगा मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघतो आणि बोटीवरच बसून, तारा विझताना त्याचं वजन किती असलं की तो शांतपणे विझतो आणि किती असलं की आत कोसळतच जातो, याचं गणित मांडतो, एवढंच. (आज ती मर्यादा सूर्याच्या साधारण 1.4 पट धरतात.) पत्रं भरपूर आली पण गणिताबद्दल एकाचंही नाही, सगळी माणसांबद्दल. कुणाची मुलगी तिकडं आहे, कुणाचा नातू निघालाय. मला हे फार बरं वाटलं, म्हणून या वेळचं सगळं पान त्यांनाच दिलंय.

प्रश्न : माझी मुलगी हॅम्बुर्गला फिजिक्समध्ये पीएचडी करायलीय. पहिल्या वर्षी रोज व्हिडिओ कॉल असायचा, आता आठ आठ दिवस फोन नाही. आपण केला की 'आई, बीम टाइम आहे, नंतर बोलते' म्हणती आणि ठेवती. जेवलीस का विचारलं तरी चिडती. शेंगाचटणी, कडक भाकरी पार्सलनं पाठवली, मिळाली का नाही ते पण सांगितलं नाही. तिचं काही बिघडलंय का? मला रात्र रात्र झोप लागंना.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी बीम टाइम म्हणजे काय ते सांगते, निम्मी काळजी तिथंच उतरेल. हॅम्बुर्गला डेसी नावाची मोठी प्रयोगशाळा आहे, तिथं पेट्रा थ्री नावाचं एक गोल यंत्र आहे, घेर दोन किलोमीटरपेक्षा जास्त. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरवतात आणि त्यातून अतिशय प्रखर एक्स-रे निघतात, मग त्या एक्स-रेखाली कुणी प्रोटीन बघतं, कुणी बॅटरीतलं मटेरियल, कुणी धातू. तुमची मुलगी नेमकी त्याच यंत्रावर आहे का ते मला पत्रावरून कळलं नाही, पण बीम टाइम म्हणती म्हणजे असंच काहीतरी असणार. जगभरातून लोक तिथं नमुने घेऊन येतात आणि वेळ मागायला काही महिने आधी अर्ज करावा लागतो, कमिटी बसते, कुणाचा प्रयोग चांगला ते ठरवते, आणि मिळतात ते मोजके दिवस, त्यालाच बीम टाइम म्हणतात. यंत्र रात्री थांबत नाही, म्हणून माणसं पाळ्या लावून बसतात, आपल्याकडं मिल चालू होत्या तेव्हा जशा तीन पाळ्या असायच्या अगदी तशाच. रात्री दोन वाजता उठून नमुना बदलायचा. मध्येच कुठं व्हॅक्यूम गळला किंवा सॉफ्टवेअर अडकलं तर तेवढे तास गेले, पुढची संधी कधी ते कुणी सांगू शकत नाही, आणि त्या चार दिवसांच्या डेटावर पीएचडीचं अख्खं एक प्रकरण उभं असतं. अशात फोन वाजला तर मुलगी दोन शब्दांत बोलणारच.

दुसरं म्हणजे घड्याळ. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, उन्हाळ्यात साडेतीन. तुम्ही रात्रीचं आवरून नऊला फोन लावता तेव्हा तिथं दुपारचे साडेचार, म्हणजे ऐन कामाची वेळ. शनिवार-रविवारची वेळ आधी मेसेजवर ठरवून घ्या.

आता जे खरं सांगायचंय ते. चंद्रशेखर निघाले तेव्हा त्यांची आई, सीतालक्ष्मी, फार आजारी होती. दहा मुलांची आई, शाळा जेमतेम झालेली, पण स्वतः शिकून एक परदेशी नाटक तमिळमध्ये आणलेली बाई. मुलगा जावा की नको असं घरात चाललं तेव्हा जा म्हणणारी तीच होती. 1931 च्या मे महिन्यात ती गेली, मुलगा केंब्रिजमध्ये. येणं शक्यच नव्हतं, बोटीलाच पंधरा-वीस दिवस लागायचे. त्या मुलाला तगवून धरलं ते पत्रांनी. वडील रेल्वेत हिशेबाच्या खात्यात अधिकारी, संगीताचे चांगले जाणकार, फिजिक्स त्यांचा विषय नाही. तरीसुद्धा मुलगा त्यांना लिहायचा तेव्हा नुसती खुशाली नसायची, काय वाचतोय, कुणाला भेटलो, कुठं गाडं अडलंय, सगळं असायचं, कारण समोरच्याला ते हवं होतं.

ताई, रागावू नका, पण तुमच्या अख्ख्या पत्रात मुलगी नेमकं काय करती याबद्दल एक ओळ नाही. जेवलीस का, थंडी आहे का, कधी येणार, हे तिन्ही प्रश्न मायेचेच आहेत, पण आठवडाभर जिथं ती जीव ओतती त्याबद्दल घरात कुणीच विचारत नाही असं होत गेलं की मुलं हळूहळू बोलायचीच थांबतात. मी फिजिक्स शिकवत होते तेव्हाही हे खूप घरांत बघितलंय. पुढच्या वेळी विचारा, 'तुझ्या नमुन्यात तुम्ही काय शोधताय गं?' समजलं नाही तर परत विचारा, बिनधास्त. आईला समजावून सांगता सांगता तिचं तिलाच काहीतरी सुचेल, असं होतं खरंच.

आणि एक लक्ष मात्र ठेवा. डिसेंबरात हॅम्बुर्गला दुपारी चारला अंधार पडतो, आपल्या सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या पोरीला ते जड जाऊ शकतं. झोप उडाली असेल, कुणाशीच बोलत नसेल, कामातला रस गेला असेल तर सरळ विचारा, आडून आडून नको. तिथल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन असतं, तिथं जायला तुम्हीच सांगा. आईनं सांगितलं की लाज वाटत नाही.

प्रश्न : मी एमएस्सीला आहे. सेमिनारमध्ये बाहेरून आलेल्या एका मोठ्या सरांनी माझं प्रोजेक्ट सगळ्यांसमोर उडवून लावलं, मागं बसलेले हसले पण. आमच्या मॅडम काहीच बोलल्या नाहीत. चंद्रशेखर यांच्याबरोबर पण असं झालं होतं म्हणे. ते कसे सावरले? मला आता स्टेजवर जायची भीती वाटायलीय.
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : झालं होतं, आणि फार वाईट पद्धतीनं झालं होतं.

तारीख 11 जानेवारी 1935, लंडन, रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची सभा. चंद्रशेखर चोवीस वर्षांचे. समोर आर्थर एडिंग्टन, ताऱ्यांच्या शास्त्रातला त्या वेळचा सगळ्यात मोठा माणूस, 1919 च्या सूर्यग्रहणात आइन्स्टाइनचं म्हणणं तपासायला गेलेला. हे एडिंग्टन त्याआधी कितीतरी महिने चंद्रशेखर यांच्या खोलीवर येऊन आकडेमोड कुठवर आली ते बघत होते, गप्पा मारत होते. आपला विरोध आहे हे एका शब्दानं सांगितलं नाही. चंद्रशेखर यांनी आपला निष्कर्ष मांडला, जड तारा विझताना शांत होऊच शकत नाही, तो आकसतच जाणार. लगेच एडिंग्टन उठले आणि तारा असं वेडंवाकडं वागूच नये म्हणून निसर्गातच एखादा नियम असला पाहिजे अशा अर्थाचं बोलले, सभेत हशा पिकला. उत्तर द्यायलासुद्धा या मुलाला नीट वेळ मिळाला नाही.

मॅडम बोलल्या नाहीत हे तू लिहिलंयस ना, ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण तिथंही तेच झालं. नील्स बोर यांच्या गटातले रोझेनफेल्ड, शिवाय पाउली, अशा मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांना विचारलं तर खासगीत सगळे म्हणाले, तुझं बरोबर आहे, एडिंग्टन चुकतात. जाहीरपणे कुणी उभं राहिलं नाही. परक्या देशात, घरापासून हजारो मैलांवर, आई गेलेली, आणि बरोबर असूनही एकटं. मला वाटतं त्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ हाच असणार.

सावरले कसे, तर आधी त्या विषयाचं सगळं नीट लिहून पूर्ण केलं, 1939 मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि मग तो विषय बाजूला ठेवून दुसरा घेतला. ताऱ्यांच्या समूहांची गती, मग प्रकाश ताऱ्याच्या वातावरणातून कसा येतो ते, मग द्रवांची स्थिरता, शेवटी कृष्णविवरं. दर काही वर्षांनी नवा विषय, त्याच्या तळापर्यंत जायचं, पुस्तक लिहायचं, पुढं निघायचं. आणि एडिंग्टनशी वैर धरलं नाही, पत्रव्यवहार चालू होता. 1944 मध्ये एडिंग्टन वारले तेव्हा शिकागोत त्यांच्यावर आदरानं बोलणारे चंद्रशेखरच होते.

ही गोष्ट लोक 'अपमान झाला आणि मग नोबेलनं सूड घेतला' अशी सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. नोबेल 1983 ला मिळालं, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी. एवढी वर्षं कुणी सुडावर जगू शकत नाही गं, रोज सकाळी उठून कामाला बसणारा माणूस कामावरच जगतो.

तुझ्यासाठी सांगते. ते सर जे जे म्हणाले ते आठवेल तेवढं आजच कागदावर काढ, चिडून नाही, जसंच्या तसं. त्यातला शेरा कुठला आणि फिजिक्सचा मुद्दा कुठला ते वेगळं कर. मुद्दे असतील तर ते घेऊन विषय जाणणाऱ्या दोन माणसांकडं जा, त्यातला एक कॉलेजबाहेरचा असू दे, ईमेल लिही, लोक उत्तर देतात. मुद्दा खरा निघाला तर काम सुधारेल, खोटा निघाला तर पुढच्या सेमिनारला तुझ्याकडं उत्तर तयार असेल. आणि मॅडमना एकदा एकटीनं भेटून सांग की तुम्ही बोलायला हवं होतं, मला त्याची गरज होती. नम्रपणे सांग पण सांगच.

प्रश्न : आमच्याकडं कडक शाकाहार आहे. मुलगा फिजिक्ससाठी बाहेर निघालाय, तिकडं निभावेल का?
— नवी पेठ

उत्तर : निभावेल. चंद्रशेखर आयुष्यभर शाकाहारी राहिले, ते पण 1930 च्या इंग्लंडात. आता तर प्रत्येक मोठ्या शहरात डाळ-तांदूळ मिळतात. छोटा कुकर द्या आणि जायच्या आधी महिनाभर रोज त्यालाच स्वयंपाक करायला लावा.

प्रश्न : माझे मिस्टर अमेरिकेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करतात, मी पण जाणार आहे. माझं गणितात एमएस्सी झालंय, इथं क्लासेस घेते. सगळे म्हणतात नशीब काढलंस. मला मात्र आतून वाटतं की माझं सगळं संपलं. असं वाटणं चूक आहे का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : अजिबात चूक नाही, आणि हे तुम्ही विमानात बसायच्या आधी लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

चंद्रशेखर यांच्या पत्नी ललिता, त्यापण फिजिक्सच्याच, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये त्यांच्या एक वर्ष मागं. काही काळ बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत होत्या. 1936 च्या सप्टेंबरमध्ये लग्न झालं आणि 1937 च्या सुरुवातीला दोघं अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या विल्यम्स बे नावाच्या छोट्या गावात, तिथं शिकागो विद्यापीठाची यर्कीस वेधशाळा होती. तळ्याकाठचं गाव, कडाक्याची थंडी, आपली माणसं जवळपास नाहीतच. रंगाचा प्रश्नही होता. शिकागोत चंद्रशेखर यांनी शिकवू नये असं तिथल्या एका डीनला वाटत होतं, तेव्हा विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स यांनी ठाम सांगितलं की शिकवायचंच. पुढं हेच चंद्रशेखर वेधशाळेतून शिकागोला गाडी चालवत जायचे, साधारण सोलापूर-लातूर एवढं अंतर, हिवाळ्यातल्या बर्फातसुद्धा, आणि एका वर्गात विद्यार्थी फक्त दोन, ली आणि यांग. दोघांनाही 1957 चं नोबेल मिळालं. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्या बर्फात दिवसभर घरी एकटी कोण होती ते कुणी विचारत नाही. त्या गावात ललितांनी 1964 पर्यंत दिवस काढले, आणि स्वतःचं फिजिक्स त्यांचं राहूनच गेलं.

नोबेलच्या वेळी लिहिलेल्या आपल्या ओळखीत चंद्रशेखर यांनी ललितांच्या साथीला स्वतःच्या आयुष्यातली मध्यवर्ती गोष्ट म्हटलंय. मनापासूनच लिहिलंय ते. पण मला प्रामाणिकपणे वाटतं की एवढ्यानं भागत नाही.

आता मंगला नारळीकरांचं बघा. मुंबई विद्यापीठातून 1964 ला गणितात एमए, सुवर्णपदक. नंतर जयंत नारळीकरांशी लग्न, मग केंब्रिज, मुली, घर. 1972 ला परत आल्या आणि 1981 ला पीएचडी पूर्ण केली, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, संसार सांभाळून. नंतर शिकवलं, मुलांसाठी गणितावर लिहिलं. उशीर झाला पण सोडलं नाही.

व्यवहाराचं सांगते, हे लक्ष देऊन वाचा. मिस्टर जे-वन व्हिसावर असतील तर तुम्ही जे-टू, आणि जे-टूवर तिथं गेल्यावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. ते एच-वन-बीवर असतील तर तुम्ही एच-फोर, त्यावर काही ठरावीक परिस्थिती सोडली तर नोकरी करता येत नाही, शिकता मात्र येतं. विद्यापीठं बऱ्याचदा पोस्टडॉकला यातला कुठला व्हिसा द्यायचा ते ठरवतात, तेव्हा मिस्टरांनी कागद सही करायच्या आधी हे विचारायलाच पाहिजे, तुमच्या वतीनं, लेखी. आणि तुमचे क्लासेस बंद करू नका, चार मुलं जरी ऑनलाइन राहिली तरी राहू द्या. मिस्टरांशी आत्ताच बोला की दोन वर्षांनी पुढचं पोस्टडॉक कुठं हे ठरवताना माझ्या पीएचडीचा विचार पण त्यात असेल. ही मागणी जास्तीची नाहीये.

प्रश्न : नातू फिजिक्स शिकायला अमेरिकेला निघालाय. जाणारा परत येत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुमचे चंद्रशेखर पण परत आले नाहीत, तिकडचं नागरिकत्व पण घेतलं. अशा माणसाचं आपण कौतुक का करायचं?
— एक आजोबा, अशोक चौक

उत्तर : आजोबा, तुमचा प्रश्न चंद्रशेखर यांच्या स्वतःच्या वडिलांचा पण होता. 1953 मध्ये मुलानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तेव्हा ते फार दुखावले. मुलाला ते माहीत होतं. त्यामुळं तुमचं दुखणं मी हलक्यात घेत नाही.

पण देश सोडला म्हणजे देश मनातून गेला का, ते बघायला लागतं. 1936 ला लग्नासाठी भारतात आले तेव्हा केंब्रिजचे गणिती हार्डी यांनी त्यांना सांगितलं होतं की रामानुजनचा एखादा चांगला फोटो शोध. चंद्रशेखर रामानुजनच्या पत्नी जानकी अम्मांकडं गेले आणि पासपोर्टवरचा फोटो मिळवला. आज पुस्तकांत, तिकिटावर, कॅलेंडरवर रामानुजनचा जो चेहरा आपण बघतो तो त्या फोटोतला. पुढं जानकी अम्मांच्या पेन्शनसाठीही त्यांनी खटपट केली.

आणि आजोबा, आपल्या गावाकडंच बघा की. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 10 ऑक्टोबर 1910 ला सोलापुरात जन्मले, चंद्रशेखर 19 ऑक्टोबर 1910 ला लाहोरला. नऊ दिवसांचं अंतर. कोटणीस 1938 ला चीनला गेले, वडील गेल्याची बातमी तिथंच कळली तरी जखमींवरचे उपचार सोडून आले नाहीत, आणि 1942 ला तिथंच वारले, बत्तिसाव्या वर्षी. ते परत आले नाहीत म्हणून सोलापूरनं त्यांना परकं मानलं का? उलट आपण अभिमानानं त्यांचं स्मारक केलं. डॉक्टरला आपण हे देतो, मग फिजिक्सवाल्याला पण द्यावं असं मला वाटतं.

परत येणारे पण असतात. जयंत नारळीकर कोल्हापूरचे, 1957 ला केंब्रिजला गेले, हॉईलसारख्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाबरोबर काम केलं, नाव झालं, आणि 1972 ला मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत परत आले, पुढं 1988 ला पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची उभारणी केली. येण्यासाठी इथं काम असावं लागतं हे त्यांच्याकडं बघून कळतं. चंद्रशेखर यांच्या तरुणपणी, 1930 च्या दशकात, त्यांच्या विषयाच्या जागा इथं फार थोड्या होत्या. आता तसं नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहतीय, गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा, केंद्रानं 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केलेत. नातू निघायच्या आधी स्टेशनवर 'परत येशील ना' असं वचन घेऊ नका, तिथं कुणीही हो म्हणतं. त्यापेक्षा आत्ता घरी बसवून विचारा, बाबा तुझ्या विषयाचं काम भारतात कुठं चालतं, मला नावं सांग. त्याला माहीत नसेल तर शोधून काढू दे.

प्रश्न : मी बारावीत आहे. फिजिक्स आवडतं, पण घरची परिस्थिती साधी, बाहेर जाणं जमणार नाही. मग फिजिक्स करून उपयोग काय?
— एक विद्यार्थी, अक्कलकोट रोड

उत्तर : बाहेर जायलाच पाहिजे असं मुळीच नाही. पुण्यात आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था आहे, त्यासाठी आयएटी नावाची परीक्षा असते. भुवनेश्वरला तशीच नायसर आहे, तिच्यासाठी नेस्ट परीक्षा असते. यातलं नाही जमलं तर सोलापुरातच बीएस्सी कर आणि तिसऱ्या वर्षी जॅम ही परीक्षा दे, त्यावरून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. पुढं पीएचडीसाठी जेस्ट, गेट, नेट या परीक्षा, आणि पीएचडीला फेलोशिप मिळते, म्हणजे घरून पैसे लागत नाहीत. बाहेरचं म्हणशील तर जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नसते आणि पीएचडीला बहुतेक वेळा पगार असतो, पण राहण्याखाण्याचा खर्च असतो, तो नीट मोजायचा. ते सगळं पाच वर्षांनंतरचं आहे. आत्ता आयएटी, नेस्ट आणि जॅम या तिन्ही परीक्षांचे मागचे पेपर वेबसाइटवरून काढ आणि आयएटीच्या फॉर्मवर लक्ष ठेव, बोर्डाच्या गडबडीत मुलं ती तारीख हमखास विसरतात.